बर्डीहून लुसाका, वीस मिनिटं

लुसाकाला जायला बर्डीहून सिटी बस मिळायची, आणि ती बहुतेक वेळा उशिरा यायची.

हे मी कोणाला सांगितलं की तो माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या नवऱ्याकडे. नवरा मान डोलावतो. त्याचा चेहरा मुळातच खोटं न बोलणाऱ्या माणसाचा आहे, त्यामुळे समोरचा खुर्ची पुढे ओढतो आणि मला सगळं सांगावं लागतं.

खरं लुसाका आफ्रिकेत आहे, झांबिया देशाची राजधानी. आमचं लुसाका नागपूरच्या दक्षिणेला होतं, शहराच्या मुख्य बाजारापासून, म्हणजे बर्डीपासून लांब, जिथे शहर संपून तुरीची शेतं सुरू व्हायची. बाहत्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास तिथे एका शेताचे तुकडे पाडून लेआउट टाकलं होतं. (बाकी गावांत वस्ती असते, नागपुरात लेआउट असतं.) घरं नऊ, विहीर एक, पक्का रस्ता नाही आणि नाव तर मुळीच नाही. कोणी पत्ता विचारला की आम्ही सांगायचो, "मानेवाड्याकडे निघा, डांबर संपलं की डावीकडे वळा, म्हशी बसलेल्या दिसतील त्यांच्या मागचं घर." म्हशी उठून गेल्या की पाहुणे चुकायचे.

बाबा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. घरी आई, मोठी बहीण विमल म्हणजे ताई, आणि धाकटी मी, नलिनी. ताईचं लग्न एका गणिताच्या मास्तरांशी झालं. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच भाऊजींना झांबियातल्या एका शाळेत नोकरी लागली आणि दोघं लुसाकाला निघाली. स्टेशनवर आईने ताईसाठी भिवापूरच्या मिरच्यांची पिशवी आणली होती. "तिकडे मिरची भेटते का नाही, काय माहीत," एवढंच ती म्हणाली. गाडी गेल्यावर पिशवी आईच्याच हातात होती. दोघींनाही ती द्यायची-घ्यायची सुचली नव्हती.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. ताईची मला फार आठवण यायची. तिच्या जागी मी का नाही, असंही वाटायचं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच उशीवर डोकं ठेवून.

ताईची पत्रं यायची निळ्या एरोग्रामवर. बोलायला ती जितकी मोकळी, लिहायला तितकीच चिक्कू. "आम्ही सुखरूप आहोत. इथली हवा चांगली आहे. बाबांनी सिगारेट कमी करावी. आईच्या गुडघ्याला तेल लावावं." झालं पत्र. आम्ही ते चौघांना पुरेल असं पुन्हा पुन्हा वाचायचो, आणि आम्ही घरात तिघंच होतो.

त्यातून लेआउटला नाव नसल्यामुळे पत्रं नागपुरात येऊन फिरत बसायची. एकदा ताईचं पत्र आलं, "मुलगा झाला, दोघंही बरे आहोत." घरात नुसती धांदल उडाली. आई रडली, हसली, साखर वाटून आली. त्यानंतर महिनाभराने दुसरं पत्र आलं. बाबांनी मोठ्याने वाचलं, "सांगायला संकोच वाटतो, पण मला दिवस गेले आहेत."

आई चुलीपाशी होती. "पुन्हा?" ती म्हणाली. "अवो, आताच तं झालं."

बाबांनी तारीख बघितली. पत्र सात महिन्यांपूर्वीचं होतं. तीन वेगळ्या मोहल्ल्यांचे शिक्के खाऊन ते आमच्यापर्यंत पोचलं होतं. मी हसायला लागले, बाबाही हसले. आई हसली नाही. ती पाटावर बसली आणि जरा वेळाने म्हणाली, "पोरगी दिवस भरून राहिली होती आणि मले माहीतच नव्हतं. मी आपली इथं पापड लाटून राहिली होती."

त्या रविवारी बाबांनी विहिरीपाशी नऊ घरांची सभा बोलावली. विषय एकच, लेआउटला नाव द्यायचं. दोन तासांत अकरा नावं निघाली, त्यांतली सात नागपुरात आधीच होती, आणि उरलेल्या चारांवरून दोन घरांचं बोलणं बंद झालं. बाबा परत आले ते सरळ मागच्या अंगणात गेले. पत्र्याचा एक तुकडा घेतला, त्याला पिवळा रंग दिला आणि वाळल्यावर निळ्या रंगाने, आपल्या सगळ्यात सुंदर अक्षरात लिहिलं: लुसाका.

"असं काहून लिहिलं?" आईने विचारलं.

"घराचं नाव आहे. वेगळं आहे, पोस्टमन चुकणार नाही."

आई बोर्डाकडे बघत राहिली. मग आत जाऊन कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि बोर्डाच्या कोपऱ्याला बोट लावलं.

आमचं घर कोपऱ्यावरचं, त्यामुळे बोर्ड रस्त्याकडे तोंड करून होता. जाणारा-येणारा प्रत्येक जण तो मोठ्याने वाचायचा. बाबा संध्याकाळी व्हरांड्यात पेपर घेऊन बसायचे आणि ते वाचणं ऐकायचे. पेपरचं पान तासभर उलटत नसे.

पुढे डांबर आमच्या कोपऱ्यापर्यंत आलं आणि त्यामागून सिटी बस आली. पहिल्या दिवशी मिश्राजी नावाच्या कंडक्टरने दारातून वाकून बोर्ड वाचला. "लुसा... का. मास्टरजी, ये लुसा कौन है?"

"गाव आहे," बाबा म्हणाले.

"किसका गाँव?"

"लुसाका."

"वही तो पूछ रहा हूँ, किसका?"

असं तीनदा झालं. शेवटी ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि मिश्राजींनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला. लुसा नावाचा कोणी जुना मालगुजार असणार, जमीन त्याची. दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये आरोळी सुरू झाली, "लुसा का स्टॉप, उतरो." तीन महिन्यांत लुसाका फ्लोअर मिल निघाली. लुसाका भजन मंडळाने दर गुरुवारी आमची झोप उडवायला सुरुवात केली. ज्या दोन घरांचं बोलणं बंद होतं, त्यांनीही वेगवेगळं येऊन सांगितलं की हे नाव आपल्याला पहिल्यापासून पसंत होतं.

आणि आई. भाजीवाला दारावर येऊन म्हणायचा, "सांबार घ्या, लुसाकावाल्या बाई." (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) सांबार एक जुडी लागायचा, पण आई दोनदा बाहेर जायची. एकदा सांबार घ्यायला आणि एकदा नुसती दारात उभी राहायला. ते नाव आता रोज कोणाच्या ना कोणाच्या तोंडी होतं, आणि ते ऐकलं की तिच्या चेहऱ्यावर, कोणी ताईला भेटून आल्यासारखं काहीतरी यायचं.

अशात माझं लग्न काढलं.

मध्यस्थ आईचा भाऊ, भिवापूरचा नत्थूमामा. त्याने माझी माहिती कागदावर लिहून मागितली. अक्षर माझं चांगलं, म्हणून मीच लिहायला बसले. नाव, वय, शिक्षण, उंची. राहण्याचं ठिकाण: लुसाका. त्यापुढे "नागपूर" लिहायचं होतं. जागा नव्हती, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. जागा होती.

मामा तो कागद घेऊन पारशिवनीला गेला. तिथे बापूराव नावाचे शेतकरी होते. त्यांचा मुलगा मधुकर पेंचच्या धरणाच्या कामावर ओव्हरसियर होता. (तेव्हा मी मनात त्याला "तो" म्हणत होते. नंतर चारचौघांत "हे" म्हणावं लागलं. सांगताना मी "तो"च म्हणते.) बापूरावांनी कागद मुलाकडून वाचून घेतला, लुसाका कुठे आहे ते त्यालाच विचारलं आणि आफ्रिकेत म्हटल्यावर मामाकडे वळले.

"पोरगी लुसाकाले राह्यते?"

"हाव," मामा म्हणाला.

"तुम्ही गेले होते का कधी?"

"मागच्याच महिन्यात जाऊन आलो."

बापूरावांनी मामाकडे नव्या नजरेने बघितलं. "किती वेळ लागते गा?"

"बस भेटली तं काहीच नाही," मामा म्हणाला.

बापूरावांना वाटलं, नेहमी विमानाने फिरणारा माणूस असंच बोलत असेल.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी बापूराव आणि मधुकर मला बघायला आले. बापूराव उंच, पांढरी टोपी, मिशा भरघोस. मधुकर बारीक, खिशाला पेन, नजर स्वतःच्या पायांकडे. मी ताई मागे ठेवून गेलेली निळी साडी नेसून पोहे आणले आणि बसले. बाबा, मामा एका बाजूला. आई नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दारामागे.

बापूरावांनी बशी हातात घेतली, पण चमचा उचलला नाही.

"मंग पोरी," ते म्हणाले, "लुसाकाले जेवाले काय भेटते?"

आपल्या घरी जेवायला काय मिळतं असं कोणी पाहुणा विचारत नाही. मी गोंधळले, आणि मग एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. या माणसांना मी आफ्रिकेत राहते असं वाटत होतं. एक वाक्य बोलले असते तर तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं. ते वाक्य मी तयारही केलं. पण तोंडातून निघालं ते असं:

"मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवतात. शिमा म्हणतात त्याला. पालेभाजीशी चांगलं लागतं."

मामाने मान वळवली. "नली, तू तं..."

"नत्थू, पोहे घे अजून," दारामागून आई म्हणाली.

मी दाराकडे बघितलं. आई अर्धी बाहेर आली होती.

"रस्ते कसे आहेत तिकडचे?" बापूरावांनी विचारलं.

बाबांनी घसा खाकरला. ते खरं सांगणार हे मला कळलं, म्हणून मी घाई केली. "रुंद आहेत. दोन्ही बाजूंना झाडं. दिवाळीच्या आधी सगळी जांभळ्या फुलांनी भरून जातात. फुलं पडून रस्ताच जांभळा होतो. मग चपला हातात घेऊन चालावं वाटतं, कारण फुलं पायाखाली येतात ना, बरं नाही वाटत."

ताईने शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, "इथे जांभळ्या फुलांची झाडं आहेत." तेवढंच. रस्ता मी पसरला होता, चपला मी काढल्या होत्या. बाबांनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या मागे कुठेतरी त्या रस्त्याकडे बघत होते.

"अन् सिंह?"

"गावात सहसा येत नाहीत," मी म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी एखादा."

"विमानात झोपाची सोय राह्यते म्हणतात."

"वरचा बर्थ मिळाला तर छान झोप लागते."

मधुकरला पोह्यांचा ठसका लागला. मी आयुष्यात सगळ्यात लांबचा प्रवास केला होता तो भंडाऱ्यापर्यंत, पॅसेंजरने. ठसका थांबतो न थांबतो तोच आई बोलली. मुलगी बघायच्या कार्यक्रमात मुलीची आई कधी बोलत नाही. पण ती दारातून पुरती बाहेर आली होती, पदराला हात पुसत होती आणि मला विचारत होती:

"आणि पाऊस कसा पडते वं, नली?"

मी आईकडे बघितलं. तिला माहीत होतं की मला काही माहीत नाही. तरी ती खरंच विचारत होती.

"दुपारी येतो, आई," मी म्हणाले. "भरपूर पडतो आणि जातो. छपरं पत्र्याची आहेत, आवाज फार होतो."

"मंग लेकरू दचकत असंन."

बापूरावांनी बशी मांडीवर टेकवली.

"थंडी बाधत असंन का त्याले?" आई म्हणाली. "मी टोपडं शिवून ठेवलं. पाठवाचं राहून गेलं."

यावर मला थाप सुचली नाही. एवढ्या थापा सुचल्या, पण ही एक सुचली नाही. तेव्हा आतापर्यंत पायांकडे बघत बसलेला मधुकर बोलला. "नाही बाधत, मावशी. ते गाव उंचावर आहे. हवा कोरडी असते. लहान मुलांची तब्येत तिथे चांगली राहते."

"खरं?"

"हो. भूगोलात आहे."

आईने मान हलवली, डोळ्याला पदर लावला आणि आत गेली. बापूरावांनी तेव्हा पहिल्यांदा चमचा उचलला. मग त्यांनी दाराच्या दिशेने, जरा मोठ्याने सांगितलं, "बाई, टोपडं पाठवून द्या. उशीर नका करू. लेकरं लवकर वाढतेत." आणि पोहे संपेपर्यंत त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

निघताना ते फाटकापाशी थांबले. बोर्डाकडे बघून बाबांना म्हणाले, "मास्तर, अक्षर लय चांगलं आहे." मग माझ्याकडे वळले. "येतो पोरी. बर्डीची बस सुटली तं मंग विमानानंच जावं लागंन."

मी तिथेच, फाटकाला धरून, उभी राहिले. मामा माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "काहून वं, काय झालं?" त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

नंतर मधुकरने मला सगळं सांगितलं. पारशिवनीहून निघताना त्या दोघांना वाटत होतं की आफ्रिकेत राहणारी मुलगी सुट्टीला आई-वडिलांकडे आली आहे. बर्डीला त्यांनी माझ्या बाबांचं नाव सांगून पत्ता विचारला, तर मिश्राजी म्हणाले, "मास्टरजी? लुसा का स्टॉप. बैठो, बीस मिनट." बापूरावांचं डोकंच फिरलं. त्यांना तिथूनच परत जायचं होतं. मधुकर म्हणाला, आलोच आहोत तर भेटून जाऊ. बापूराव म्हणाले, ठीक आहे, पण मी त्या पोरीला असे प्रश्न विचारतो की पुन्हा कोणाला फसवणार नाही. सिंहापर्यंत सगळं त्यांच्या ठरवल्याप्रमाणे चाललं होतं. पाऊस आईने मध्येच विचारला.

पंधरा दिवसांनी मामा निरोप घेऊन आला. मुलगी पसंत होती. बापूरावांचा निरोप जसाच्या तसा सांगायला मामाला लाज वाटत होती, पण आईने सांगायला लावला: "पोरगी खोटं बोलते, पण आईसाठी बोलते. आमच्या घरी चालंन." हे अर्धंच खरं होतं. पहिल्या चार थापा मी माझ्यासाठी मारल्या होत्या. मी कोणाला ते सांगायला गेले नाही.

लग्न मे महिन्यात ठरलं. ताईने यावं म्हणून तीन महिने आधी पत्रिका पाठवायची असं बाबांनी ठरवलं. पाकिटावर पत्ता मी लिहिला. ताईचं नाव, भाऊजींच्या खात्याच्या टपालपेटीचा नंबर आणि खाली ठसठशीत, दोनदा अधोरेखित केलेलं, लुसाका. पुढे झांबिया लिहायला हवं होतं. पण लुसाका कुठे आहे हे ज्याला माहीत नाही त्याने पोस्टात नोकरी करू नये, असं माझं त्या वेळी मत होतं.

आमच्या पोस्टात सगळ्यांना माहीत होतं.

लग्नाला तेरा दिवस राहिले होते. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. पोस्टमन फाटकाशी सायकलवरून उतरला आणि ते पाकीट बाबांच्या हातात देत म्हणाला, "मास्तर, तुमच्याकडे या नावाचं कोणी राहते का? अडीच महिने झाले, शोधून राहिलो. गिरणीत विचारलं, भजन मंडळात विचारलं. लुसाका तं स्पष्ट लिहिलं आहे."

बाबांनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं. माझं अक्षर त्यांना ओळखू येत होतंच. ते मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. चपला घालून ते तडक तार करायला गेले.

उत्तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आलं. "तार उशिरा मिळाली. निघणं शक्य नाही. नलीला आशीर्वाद."

लग्न चांगलं झालं. ऊन मी म्हणत होतं, बापूरावांनी पाण्याचे रांजण स्वतः उभं राहून भरून घेतले, मामाने तीन वेळा पंगतीत वाढलं आणि चार वेळा जेवला. हळदीच्या वेळी आईने हळदीची वाटी भरली आणि वाटी हातात धरून इकडेतिकडे बघत राहिली. कोणाच्या हातात द्यायची ते तिला ठरवता येईना. शेवटी तिने स्वतःच माझ्या गालाला बोटं लावली. एका गालाला आईची म्हणून, आणि जरा थांबून दुसऱ्याला. दुसरी कोणाची ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते पाकीट मी तेव्हा माझ्या नव्या ट्रंकेच्या तळाशी घालून ठेवलं होतं आणि त्यावर सगळ्या साड्या रचल्या होत्या.

त्याच वर्षी डिसेंबरात ताई आली. तिकडच्या शाळांना तेव्हा मोठी सुट्टी असते. मी आणि मधुकर पारशिवनीहून दोन दिवस आधीच येऊन थांबलो होतो. सामान मामासोबत रिक्षाने पाठवून बाबांनी ताईला, भाऊजींना आणि बाळाला मुद्दाम सिटी बसने आणलं. मी फाटकाशी उभी होते. बस थांबली आणि आतून मिश्राजींची आरोळी आली, "लुसा का स्टॉप, उतरो."

ताई पायरीवर एक पाय ठेवून तशीच थांबली. मागचे लोक ओरडायला लागले. "बाबा, हा कंडक्टर काय म्हणाला?"

"इथलं नाव आहे," बाबा म्हणाले.

"लुसाका? कोणी ठेवलं?"

"कॉर्पोरेशननं," बाबा म्हणाले आणि बाळाचे मोजे सारखे करायला लागले.

ताई खाली उतरली आणि चालत आमच्या बोर्डापाशी आली. बाबांच्या हातचा "स" तिला लहानपणापासून ओळखता यायचा. आमच्या पाट्या, वह्यांची कव्हरं, सगळ्यांवर तोच होता. तिने बोर्डावर हात ठेवला. उन्हाने पत्रा तापला असेल, तरी तिने तो लवकर काढला नाही. मग मागे वळून मला एवढ्या जोरात मिठी मारली की माझ्या बांगड्या रुतल्या. "जाड झालीस गं," ती माझ्या खांद्यात म्हणाली. मला पाकिटाबद्दल सांगून टाकायचं होतं. तिला ते आधीच कळलं होतं, बाबांच्या पत्रातून. ती तो विषय काढणार नव्हती आणि मला ते जास्त लागत होतं.

दुपारी सगळे जेवायला बसलो. आईने वडाभात केला होता. ती ताईच्या पानासमोर बसली, बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "आता लुसाकाचं सगळं सांग. पहिल्यापासून. पत्रासारखं नको सांगू."

"लुसाकाचं काय सांगू, आई," ताई घास मोडत म्हणाली. "आम्हाला लुसाका सोडून दीड वर्ष झालं. यांची बदली झाली ना, आम्ही किटवेला राहतो. तुम्ही पाठवलेल्या नव्या पत्त्यावर लिहिलेलं पहिलंच पत्र ते, मी सविस्तर कळवलं होतं. चांगलं दोन पानी."

असं पत्र आम्हाला मिळालंच नव्हतं.

"पाकिटावर काय लिहिलं होतंस?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेच. लुसाका, नागपूर." मग तिचा घास हातातच राहिला. "अगं बाई. ते किटवेहून लुसाकालाच गेलं असेल."

भाऊजी फारसे बोलत नसत, पण आता त्यांनी सांगितलं की त्या पत्राचं उत्तर आलं नाही तेव्हा ताई महिनाभर कोणाशी धड बोलत नव्हती. पुढच्या पत्रांवर तेच मोठ्या अक्षरात इंडिया लिहून देऊ लागले. त्यांचं टपाल त्यांच्या खात्याच्या लुसाकातल्या पेटीतूनच यायचं, म्हणून आमची तारही दहा दिवस तिथे पडून होती आणि मग तिकडून किटवेला आली.

"लुसाकाहून किती लांब आहे ते?" बाबांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"बसने सहा-सात तास."

आई बाळाच्या केसांतून हात फिरवत होती. "म्हणजे मी रोज देवाले सांगून राहिली होती, लुसाकाकडे लक्ष ठेव," ती म्हणाली. "आणि पोरगी तिथं नाहीच."

"मग बोर्ड..." बाबा म्हणाले.

"राहू द्या तो," आई म्हणाली. "पुन्हा बदली झाली तं किती वेळा रंगवान." आणि तिने ताईच्या पानात आणखी भात वाढला, तिने नको म्हणण्याआधीच.

मला मात्र एका गोष्टीची खात्री करून घ्यायची होती. तेवढं तरी माझं खरं असावं असं मला फार वाटत होतं. "ताई, पण ती जांभळ्या फुलांची झाडं," मी विचारलं, "ती लुसाकाचीच ना?"

"छे गं, ती किटवेची. लुसाकाला आमच्या गल्लीत दोन विजेचे खांब होते आणि एक नळ."

मधुकरने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते आणि तो भाताकडे अतिशय लक्ष देऊन बघत होता. आयुष्यात एकदाच मी जीव ओतून थापा मारल्या होत्या, आणि त्याही दुसऱ्याच गावाच्या निघाल्या.